तीन तासांची सुट्टी

सात वर्षं फिरोजाने सासऱ्यांचं गू-मूत काढलं. नवरा कुवेतला, नणंदा फोनवरून हळहळायला तेवढ्या पुढे. शेवटी दिघीतल्या एका संस्थेने आठवड्यातून तीन तास म्हाताऱ्यांजवळ बसायला बाई पाठवली. पहिल्याच दिवशी फिरोजाने ईदचा ड्रेस चढवला आणि उगाचच बोटीने खाडीपलीकडे आगरदांड्याला जाऊन आली.

परतली तेव्हा सासरे दारात खुर्चीवर बसून वाट बघत होते. हल्ली ते तिला ओळखायचे फक्त घरातल्या विटक्या ओढणीवरून.

“बसा,” ते अदबीने म्हणाले. “आमची फिरोजा आली की चहा करील.”

ती पाहुण्यासारखी समोरच्या पायरीवर टेकली.

खाडीकडे बघत ते पुटपुटले, “नाहीच आली तर बरं. सुटली बिचारी.”