अपरिहार्य कारणास्तव

'अपरिहार्य' हा शब्द नियतीच्या तोंडचा आहे. त्याच्यापुढे राजे वाकले, साम्राज्ये आडवी झाली. जरीपटका वस्तीत त्याने प्रीतीचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पुढे ढकलले.

तिच्या बापाने, आनंदरावांनी, पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकले : 'अपरिहार्य कारणास्तव रविवारचे साक्षगंध पुढे ढकलण्यात येत आहे.' खापरखेड्याच्या वीजकेंद्रातल्या नोकरीत त्यांनी जन्मभर फळ्यावर अशाच सूचना लिहिल्या. त्यांच्या हिशेबी या शब्दाचा अर्थ एवढाच, की कारण विचारू नका.

काटोलला नवरदेवाच्या बापाने, धम्मानंदांनी, तो वेगळा लावला. टळत नाही असे जगात एकच. त्यांनी फोन लावला, आनंदराव उचलेनात. मग शंकाच उरली नाही : आनंदराव गेले, सूचना घरच्या कोणी टाकली. रविवारी सकाळी ते आणि त्यांची बायको रुख्मिणीबाई पांढऱ्या कपड्यांत आनंदरावांच्या दारात हजर झाले.

प्रीतीची आई, प्रेमिलाबाई, गोंधळल्या. आमच्या बौद्ध घरांत दुःखालाही पांढरे, मंगलालाही पांढरे. पाहुणे साक्षगंध उरकायलाच आले, असे समजून त्यांनी हसून पाणी दिले आणि शिऱ्याला रवा भाजायला घेतला.

"मोठी धीराची बाई हाय," रुख्मिणीबाई नवऱ्याच्या कानात पुटपुटल्या. मग हळूच, "आनंदराव?"

"आतल्या खोलीत जी. तोंडावर दुपट्टा घेऊन पडले हायेत."

धम्मानंद हात जोडून उठले. "दर्शन घेऊ द्या."

"आत येऊ नका कोणी!" खोलीतून आवाज आला.

रुख्मिणीबाई मटकन खाली बसल्या. धम्मानंदांचे जोडलेले हात सुटले. "म्हंजे जिवंत हायेत? मंग सरळ सांगा ना, सोयरीक मोडून राहिलो म्हणून! आमच्या संघपालमध्ये काय खोट दिसली?"

प्रीतीचे तोंड उतरले. ती आत गेली आणि बापाला हाताला धरून बाहेर घेऊन आली. साक्षगंधासाठी लावलेल्या कलपाने आनंदरावांचा चेहरा इतका सुजला होता, की डोळे शोधावे लागत होते.

"येवढंच कारण?" धम्मानंद.

"मंग काय, ग्रुपवर कलप लिहू?"

"काहून लावला पण?"

"मी नोको म्हणलं होतं जी," स्वयंपाकघरातून प्रेमिलाबाई. "टळत होतं."

टळणारी गोष्ट अपरिहार्य कशी, हे धम्मानंदांना काही उमगेना.

"बाबा," प्रीती म्हणाली, "पाहुणे आलेच हायेत, त आजच होऊ द्या. त्यायले बसनं बोलवून घ्या."

रुख्मिणीबाईंनी लगेच लेकाला फोन लावला. आनंदरावांनी सुजलेली मान हलवली.

"होऊ द्या. फक्त फोटोवाल्याले सांगा, मले मागून काढ. केस चांगले आले."