बुजवलेली भोकं

खोली सोडणाऱ्या भाडेकरूला अनामत परत मिळणार की नाही, हे काकूंच्या एका कागदावर ठरायचं. ऑफिसच्या जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीत पाहणीचं काम त्यांच्याकडे होतं. खोली ठाकठीक असली की ‘दोष नाही’ लिहायचं, शिक्का मारायचा, संपलं. पण कंपनीने बँकेचं एवढं कर्ज उरावर घेतलं होतं की हप्ता जवळ आला की साहेबांना भाडेकरूंच्या अनामतीच दिसायच्या.

“दहा तारखेला हप्ता आहे. काहीतरी शोधाच,” त्यांनी सकाळीच बजावलं होतं.

काय शोधणार, कपाळ! चौथ्या मजल्यावरच्या नकाशे काढणाऱ्या बाईंनी अकरा वर्षं वापरलेली खोली घासूनपुसून लख्ख केली होती. काकूंनी नळ सोडून पाहिला, खिडक्या उघडल्या, दिव्यांची बटणं दाबली, दुखरे गुडघे वाकवून फरशी बघितली. बोट ठेवायला जागा नव्हती. बाई दाराशी उभ्या होत्या. सोमवारपर्यंत अनामत हातात आली नाही, तर त्यांनी ठरवलेली छोटी जागा दुसऱ्याला जाणार होती.

काकूंनी साहेबांना फोन लावला.

“साहेब, काहीच नाहीये हो.”

“भिंतीला भोकं असतील की. एवढे नकाशे टांगायच्या.”

“होती. बाईंनी बुजवून वर रंगसुद्धा मारलाय.”

“परवानगी घेतली होती? नाही ना? मग लिहा, विनापरवाना दुरुस्ती. सगळी अनामत कापा.”

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भोक ठेवलं तर नुकसान, बुजवलं तर गुन्हा! माणसाने करायचं तरी काय? कर्ज ह्यांनी काढायचं, नव्या इमारतींच्या फिती ह्यांनी कापायच्या, आणि हप्त्याला पैसे कुणाचे, तर ह्या बाईंचे! लाज कशी वाटत नाही मेल्यांना?

“तुमचा हप्ता तुम्ही भरा, साहेब. मला हे जमायचं नाही.”

“काकू, नोकरी नकोय का?”

“तेही तुम्हीच ठरवा!”

फोन बंद करून त्यांनी ‘दोष नाही’ लिहिलं, कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून शिक्का दाणकन आपटला आणि प्रत बाईंच्या हातात कोंबली.

“सांभाळून ठेवा. हा कागद असेपर्यंत त्यांना एक पैसा कापता यायचा नाही.”

बाईंनी कागद दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. आता आभार मानतील म्हणून काकू थांबल्या.

“गेल्या महिन्यात शेजारच्या श्रवणयंत्रं विकणाऱ्या आजोबांनी खोली सोडली,” बाई म्हणाल्या. “ती मीच पुसून दिली होती. त्यांना एक पैसा परत मिळाला नाही. ‘फरशी झिजलेली’ असं तुम्हीच लिहिलंत ना?”

काकूंनी होकारार्थी मान हलवली.

“मग तेव्हा कुठे गेला होता हो तुमचा हा राग?” बाई म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या.