चिंचेने धुतलेला हाली रुपया

मित्रांनो, मी एक जुना हाली रुपया आहे, निजामाच्या राज्यातले नाणे. शंभरेक वर्षांपूर्वी हैदराबादच्या टांकसाळीत माझ्या चांदीच्या अंगावर चारमिनार उमटला. मराठवाड्याच्या बाजारांत मी पुष्कळ हिंडलो. हाली चलन बंद झाले आणि निलंग्याच्या एका घरात, ज्वारीच्या कणगीमागे, फडक्यात पडून राहिलो. हवेतल्या गंधकाने माझ्यावर हळूहळू काळसर निळा थर चढला. मी त्याला मळ समजत होतो.

गेल्या वर्षी त्या घरच्या कस्तुराबाईंनी मला सुनेच्या, दीपमालाच्या हाती दिले. दीपमाला रसायनशास्त्र शिकलेली. तिने मला फक्त कडेने धरले, तोलले, फोटो काढले. जुनी नाणी ऑनलाइन विकायची, असे तिने ठरवले होते. लग्नानंतरचे तिचे स्वतःचे असे हे पहिलेच काम.

"ह्याला पुसायचंसुद्धा न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली. "गिऱ्हाईक ह्या थरावरच भुलतंय."

"भुलू दे," बजरंग हसला. "पण पहिलंच पार्सल माघारी आलं, तर हे खूळ बंद. कबूल?"

"कबूल."

कस्तुराबाई तेव्हा शेतात होत्या. त्यांच्या कानी यातले काही पडले नाही.

उदगीरच्या विरूपाक्षअप्पा या गिऱ्हाइकाने फोटो पाहून मला पसंत केले. पाठवण्याच्या दिवशी दीपमाला खोका आणायला बाजारात गेली. कस्तुराबाईंनी मला ताटलीत पाहिले.

"अरे लेकरा, असं काळं तोंड घेऊन परक्याच्या दारी जातोस व्हय?" त्या मलाच म्हणाल्या. "लेकीला सासरी धाडताना न्हाऊ घालत्यात."

त्यांनी चिंचेचा कोळ घेतला, चुलीतली राख घेतली आणि मला मायेने घासले. खरे सांगतो, मला बरे वाटले.

दीपमाला परतली आणि उंबऱ्यातच थांबली.

"बघ की, आरशावानी झालाय!" कस्तुराबाई म्हणाल्या.

"हाव, आत्या," ती सासूला म्हणाली.

पार्सल त्याच दिवशी निघायला हवे होते. तिने घडलेले सगळे अप्पांसाठी एका चिठ्ठीत लिहिले. मग मला पुठ्ठ्याच्या घडीत, पातळ पारदर्शक खिडकीमागे बसवले. पुठ्ठ्याला पिना मारल्या आणि मला ओरखडा पडू नये म्हणून पकडीने त्यांची टोके दाबून सपाट केली. वर-खाली जाड पुठ्ठे लावले, खोक्यातल्या फटी कागदाने भरल्या. खोका कानाशी नेऊन हलवला. आवाज आला नाही. इतक्या जपून मला आजवर कुणी ठेवले नव्हते.

आठव्या दिवशी मी परत आलो. सोबत अप्पांचा निरोप होता: "ताई, पॅकिंग करावं तर तुम्हीच. पण फोटोतला रुपया हा नव्हे. त्याचं वय धुऊन गेलंय."

बजरंगने तिचा छोटा वजनकाटा उचलून माळ्यावर ठेवला.

"का गं माघारी आला?" कस्तुराबाईंनी विचारले. "नीट बांधला न्हाईस वाटतं."

दीपमालाने त्यांच्या राखेने चिरलेल्या बोटांकडे पाहिले. "हाव, आत्या. बांधण्यातच चुकलं माझं."

मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया करण्याआधी तिला काय सोसते ते विचारा. घासलेला थर पुन्हा चढायला शंभर वर्षे लागतात, आणि तेवढे आयुष्य दीपमालाकडे नाही. मी आता कपाटात आहे, त्याच पुठ्ठ्यात, त्याच खोक्यात. खोका हलवून पाहा. अजूनही आवाज येत नाही.