बायनाबाईचा एक जून

"हॉल ठरिवलाय माय. दोनशे मानसं येतील. ह्यो बॅनर बघ कसा झालाय."

धर्मराजनं मोबाइल आईच्या डोळ्यांपुढं धरला. फोटोत बायनाबाई उपकेंद्राच्या दाराशी उभी होती, मागं लसीकरणाचा तक्ता. वर मोठ्या अक्षरांत साठाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि खाली नातवंडांपासून व्याह्यांपर्यंत सतरा चेहरे ओळीनं चिकटवलेले.

"चांगला झालाय," बायनाबाई म्हणाली. "पर हॉल मोडून टाक."

"कावून?"

"मला समुद्र बघायचाय. एक जूनला तिथंच साठ पुरी करते."

धर्मराज हसला. बीडला शाळेत मास्तर होता, पोरांच्या खुळ्या हट्टांची त्याला सवय होती. "दिवाळीत गाडी करू. समद्यांना नेतो."

"तुमी दिवाळीत जा. मी एक जूनला जाते. छबूला घेऊन."

"दोघी म्हाताऱ्या? एस्टीनं?"

"म्हातारी तू म्हन. परवाच दोन कोस चालून बाळंतीण बघून आलेय मी."

"आगं, लोक काय म्हनतील? आईची साठी केली न्हाई म्हनतील."

"लोकांना सांग, माय समुद्रावर गेलीय," ती म्हणाली आणि शेंगा फोडायला लागली. धर्मराजनं आणखी थोडा वेळ हुज्जत घातली. मग त्याच्या लक्षात आलं की आई ऐकायचं थांबली आहे.

बायनाबाई ओव्हाळ छत्तीस वर्षं नर्स होती, कडा गावाजवळच्या एका उपकेंद्रात. सात गावं आणि त्यांच्या वस्त्या तिच्याकडं होत्या. किती बाळंतपणं केली याचा आकडा तिला सांगता येत नसे. पण कुणीही समोर आलं की ते सकाळी झालं की दुपारी, डोक्याकडून आलं की पायाकडून, हे ती बरोबर सांगायची. प्रत्येकाची तारीख तिनं आपल्या हातानं लिहिली होती. तिची स्वतःची मात्र कुणी लिहिली नव्हती. आई म्हणायची, "आमी दीक्षा घेतली त्या साली झालीस. थंडी पडाया लागलती." शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी वर्गातल्या निम्म्या पोरांसारखी तिलाही एक जून दिली. त्याच तारखेवर नोकरी लागली आणि त्याच तारखेवर दोन वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली. इतकी वर्षं सुट्टी घेतली ती लग्नासाठी, नाहीतर मयतीसाठी. नवरा गेला तेव्हाही तेराव्या दिवशी ती कामावर हजर होती. नुसतं बघायला म्हणून ती कधी कुठं गेली नव्हती.

छबुबाई त्याच उपकेंद्रात मदतनीस होती. झाडलोट करायची, पाणी तापवायचं, आणि बाईंच्या मागं पिशवी घेऊन वस्त्यांवर जायचं. गावातल्या पाटलांच्या भावकीतली, ऐन तिशीत विधवा झालेली. तीस वर्षं दोघींनी एकत्र पायपीट केली. आता छबुबाईला घरात एकच काम उरलं होतं, टँकरची वाट बघणं.

त्या वर्षी पाणी असं नव्हतंच. विहिरींना तळ दिसत होते. कारखान्याचं धुराडं हंगामभर थंड होतं, कारण गाळायला ऊसच नव्हता. गावातल्या दूध संस्थेत दोन कॅनसुद्धा दूध येईना. छबुबाईचा मुलगा बैलं घेऊन चारा छावणीत राहायला गेला होता. दर दिवसाआड टँकर यायचा आणि छबुबाई पहाटेपासून पिंपांपाशी बसायची.

"म्यां कशी येऊ बाई?" ती म्हणाली. "टँकर आला अन् म्यां नसले तर सून एकली काय करंल? लेकरू हाय तिच्या कडंवर."

"टँकरवर कोन असतंय?"

"सुग्रीव. दूध संस्थेच्या गाडीवर हुता की. दूध आटलं, आता पान्यावर घातलाय."

बायनाबाई पिंपावर हात ठेवून तिथंच थांबली. तासाभरानं टँकर आला. सुग्रीव खाली उतरला तशी ती म्हणाली, "सुग्रीव, इकडं ये. तू कसा झालतास ठावं हाय का?"

"हाय की नर्सबाई," तो लाजून म्हणाला. "पायाळू. तुमी हुत्या म्हनून. आई सांगती."

"मंग चार दिस छबूची पिंपं तू सोता भरायची. सुनंला हात लावू द्यायचा न्हाई."

"भरतो. पर तुमी निघाल्या कुठं?"

"समुद्रावर."

सुग्रीवनं एकदा रिकाम्या पिंपांकडं पाहिलं, एकदा दोघींकडं. "एक बाटली माझ्यासाठी बी आना," तो म्हणाला आणि पाइप सोडला.

छबुबाई हसली नाही. सुग्रीव जन्मला तो दिवस तिच्यासमोर उभा राहिला असावा.

शहाऐंशीचा मे. तोही दुष्काळच. टेकाच्या वस्तीवर एक पहिलटकरीण अडली होती. पोराचे पाय आधी आले होते. दोन तास बायनाबाई घामानं निथळत होती. त्या घरातली पातेली, त्या घरातलं पाणी, सगळं तिच्या हाताखाली होतं आणि कुणाला त्याचं काही नव्हतं. पोर रडलं. घरात आनंद झाला. ओटीवर आल्यावर बायनाबाईनं पाणी मागितलं. पोराच्या आजीनं छबुबाईच्या हातात पितळी तांब्या दिला आणि बायनाबाईला म्हणाली, "वंजळ धर बाई, वरून घालते."

"मला तहान न्हाई," बायनाबाई म्हणाली.

छबुबाई तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्याली. मग दोघी दीड कोस उन्हातून परत आल्या, बायनाबाई पुढं आणि पिशवी घेऊन छबुबाई मागं. त्या दिवसाबद्दल दोघींपैकी कुणीही कधी बोललं नाही. पुढं दोघी एका डब्यात जेवायला लागल्या, एकमेकींच्या आजारपणात रात्री जागल्या. पण तो दिवस तसाच राहिला.

तीस मेला त्या निघाल्या. पहिला मुक्काम पुण्यात बायनाबाईच्या भाच्याकडं झाला. दुसऱ्या दिवशी दापोलीची गाडी. घाट उतरताना छबुबाईनं डोळे मिटून पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली. महाडला गाडी थांबली तेव्हा बायनाबाई खिडकीतून गावाकडं बघत हात जोडून बसली.

"हितं देव कंचा हाय?" छबुबाईनं विचारलं.

"देव न्हाई. तळं हाय."

गाडी सुटेपर्यंत छबुबाई आपल्या हाताच्या रेषा बघत राहिली.

दापोलीहून मुरूडला पोचेपर्यंत सूर्य कलायला आला होता. सुपारीच्या बागेतलं घर, राहायची-जेवायची सोय. घरमालकीण काकूंनी पिशव्या आत नेल्या आणि म्हणाल्या, "आधी जाऊन बघून या. मागच्या दारानं गेलात की सुरूची झाडं, त्यापुढं किनाराच."

झाडं संपली आणि दोघी जागच्या जागी थांबल्या.

"बाई," छबुबाई म्हणाली, "ह्ये समदं हालतंय."

बायनाबाईनं चपला काढून हातात घेतल्या. वाळू पायाला गार लागली. ती सरळ चालत गेली आणि पहिली लाट घोट्यावर आली तशी खुदकन हसली, पोरीसारखी. लाट मागं जाताना पायाखालची वाळू सरकली. "छबू, जमीन निघून चाललीय," ती ओरडली आणि तिथंच उभी राहून पुढच्या लाटेची वाट बघायला लागली. छबुबाईनं वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकली. "समदंच खारट? खालपर्यंत?"

"खालपर्यंत."

"मंग कशाला एवढं?"

"आसू दे की. समदं काय आपल्यासाठीच आसतंय व्हय?"

अंधार पडेपर्यंत बायनाबाई पाण्याच्या कडेनं चालत राहिली. या टोकाच्या खडकापासून त्या टोकाला मासे वाळत घातलेल्या काठ्यांपर्यंत. तिला काही आठवत नव्हतं, काही करायचं नव्हतं. कुणा पोटुशीचे दिवस भरत आले नव्हते.

एक जूनला उजाडताच त्या पुन्हा आल्या. ओहोटी होती. ओल्या वाळूवर बारक्या खेकड्यांनी वाळूच्या गोळ्या काढून रांगोळीसारख्या मांडल्या होत्या. पाऊल जवळ गेलं की खेकडा गडप. बायनाबाई एका बिळाशी उकिडवी बसली आणि तो पुन्हा वर येईपर्यंत हलली नाही. आला, डोळे वर करून त्यानं तिच्याकडं बघितलं आणि कामाला लागला.

"साठ झाली बग छबू," ती म्हणाली. "आन् काईच दुखत न्हाई आज."

"तुमचं बरंय. तारीख तरी हाय. मला तीबी न्हाई."

"तुला किती झाली?"

"कुनाला ठावं! बहात्तरच्या दुष्काळात माझं लगीन झालतं. खडीवर कामाला हुते."

बायनाबाईनं वाळूतली काटकी उचलली. "माझी तारीख मास्तरनं मनानं घातली. तुझी मी घालते. एवढ्या लोकांच्या लिहिल्या, एक आनखी. आजचीच घे. माझ्यासंगट."

आणि तिनं वाळूत खरंच लिहिलं, छबुबाई, एक जून.

छबुबाईला अक्षरं वाचता येत नव्हती, पण आपलं नाव ओळखता येत होतं. ती त्याच्याकडं बघत राहिली. मग पदर तोंडाशी धरून म्हणाली, "नगं बाई. माझी ती लायकी न्हाई."

"काय झालं?"

"टेकाच्या वस्तीवरचं ध्यानात हाय का तुमच्या?"

"हाय."

"कवा बोलल्या न्हाईत."

"तूबी न्हाईस." बायनाबाईनं काटकी खाली ठेवली. "जिभंला कोरड पडलती माझ्या. तू मागून चालत हुतीस, पोट भरून पिऊन. घरी जाईस्तोवर मला वाटत हुतं, आता बोलशील, मंग बोलशील. कावून गप राहिलीस छबू?"

भरती सुरू झाली होती. पाणी आवाज करत थोडं थोडं वर येत होतं.

"भ्याले म्हनून सांगितलं आसतं," छबुबाई म्हणाली. "पर खोटं हुईल त्ये. त्या टायमाला मला त्यात काई वावगंच वाटलं न्हाई. आसंच आसतंय वाटलं. तहान लागलती, पेले. मंग चार दिसांनी माझं पोर तापानं फणफणलं अन् तुमी रातभर त्याच्या उशाला बसल्या, तवा कळलं. तवापस्नं रोज सांगावं वाटलं. जीभच उचलली न्हाई."

माफ केलं असं बायनाबाई म्हणाली नाही. तिनं पदर कमरेला खोचला आणि पाण्याकडं चालायला लागली. घोटे, पोटऱ्या, गुडघे. लाटा आदल्या दिवशीपेक्षा मोठ्या होत्या. कमरेइतक्या पाण्यात ती उभी राहिली, पाठ किनाऱ्याकडं करून, आणि प्रत्येक लाट येताना नीट पाय रोवून तिला अंगावर घेत राहिली. तीस वर्षांपूर्वीच्या त्या उन्हातली नर्स तिला दिसत होती. मान ताठ ठेवून चालणारी, मागं वळून न बघणारी. ती पोरगी बरोबर होती, तिला वाटलं. पाणी नाही प्याली ते बरोबरच केलं तिनं.

मग ती वळली. छबुबाई वाळूवर तशीच उभी होती, पदर तोंडाशी.

"ये," बायनाबाईनं हाक मारली.

"मला भ्या वाटतंय बाई!"

"वाटू दे. ये."

छबुबाई आली. एकेक पाऊल टाकत, तोंडानं काहीतरी पुटपुटत, दोन्ही हात पुढं धरून. बायनाबाईजवळ पोचली तोच एक लाट उंच होऊन आली.

"आगं बया! धर की गं मला!"

तीस वर्षांत छबुबाईनं तिला पहिल्यांदाच 'गं' म्हटलं होतं. बायनाबाईनं तिचा दंड घट्ट पकडला. लाट दोघींच्या डोक्यावरून गेली. नाकातोंडात पाणी गेलं, छबुबाईचा अंबाडा सुटला, दोघी खोकल्या आणि खोकता खोकता हसायला लागल्या. दुसरी लाट दिसली तेव्हा छबुबाईनं डोळे मिटले नाहीत.

"आली गं, आली!" ती ओरडली.

तासाभरानं दोघी कोरडी लुगडी नेसून मागच्या दारानं बाहेर आल्या. काकूंच्या अंगणात आमसुलं वाळत होती, लुगडं घालायला जागा नव्हती. छबुबाईचं ओलं नऊवारी दोघींनी पिळलं आणि पुन्हा वाळूवर नेलं. एक टोक छबुबाईनं धरलं, दुसरं बायनाबाईनं, आणि लुगडं ताणलं जाईपर्यंत दोघी एकमेकींपासून लांब गेल्या. समुद्राकडचा वारा त्यात शिरला. लुगडं मधोमध फुगलं, फडफडायला लागलं.

"आजी, घावणे गार होतायत!" काकूंनी झाडांआडून हाक मारली.

"आलो!" बायनाबाई म्हणाली, पण टोक सोडलं नाही.

वारा मधेच पडला आणि लुगडं वाळूकडं झुकायला लागलं. दोघी एकेक पाऊल मागं सरकल्या. ते पुन्हा ताणलं गेलं.