उत्तराआधी वाजलेली घंटा

साहेब, तुम्ही माझ्यामागे लपलात. एकदा नाही, चार वेळा. भर सभेत, दीडशे माणसांच्या डोळ्यांदेखत. अडचणीचा प्रश्न आला की तुम्ही बोलत राहायचात, एक डोळा माझ्यावर ठेवायचात आणि मी वाजले की हसून खाली बसायचात. लोक टाळ्या वाजवायचे. प्रश्न तिथेच टेबलावर पडून राहायचा, खरकट्या ताटांच्या शेजारी.

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची हातघंटा आहे. माझा दांडा लाकडी आहे आणि तो चिरलाय, म्हणून त्याला काळी चिकटपट्टी गुंडाळलीय. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात स्लेट फोर्क नावाचं गाव आहे, तिथल्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मी राहते. मला ओतलं ते कोळसा खाणीच्या शाळेसाठी. तेव्हा मी वाजले की मुलं टेकडीवरून गडगडत यायची. खाण बंद पडली, शाळाही बंद पडली. माझी रवानगी या हॉलमध्ये झाली. मग शनिवारी राजमा आणि मक्याचा पाव तयार झाला की मी वाजायचे. सुखाचं काम होतं.

पुढे दर दोन वर्षांनी इथे उमेदवारांची सभा भरू लागली. तिची रीत ऐका. लोक चिठ्ठीवर प्रश्न लिहून खाणकामगाराच्या जुन्या शिरस्त्राणात टाकतात. चिठ्ठीवर नाव लिहायचं नसतं. दलाचे प्रमुख डेन्झिल एकेक चिठ्ठी काढून वाचतात. उत्तराला दोन मिनिटं. भिंतीवर पुठ्ठा टांगलाय, त्यावर दोनच ओळी आहेत: घंटा झाली की थांबायचं. घंटा होईपर्यंत पुढचा प्रश्न नाही.

मला वाजवायचं काम चौदा वर्षं ओलेटाबाईंकडे आहे. त्या शाळेच्या स्वयंपाकीण होत्या. पुठ्ठ्यावरचं अक्षर त्यांचंच. वेळ पाळणाऱ्याने सभेत तोंड उघडायचं नाही आणि प्रश्नही टाकायचा नाही, हा नियमही त्यांचाच. त्यांचा हात कुणाची भीड धरत नाही. त्यांचे सख्खे दीर शेरीफच्या, म्हणजे पोलीसप्रमुखाच्या, पदाला उभे होते. ते "आणि म्हणून मी" एवढं म्हणाले आणि ओलेटाबाईंनी मला वाजवलं. गाव आजही त्या गृहस्थांना 'आणि-म्हणून' म्हणतं.

याच हाताचा तुम्ही फायदा घेतलात, साहेब. हा हात चुकत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं.

मित्रांनो, त्या वर्षांत गावात अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या येत होत्या. सहाशे माणसांची वस्ती, आणि गोळ्या आल्या त्या खोक्यांनी नव्हे, ट्रकांनी. तीन राज्यांच्या गाड्या औषधाच्या दुकानासमोर रांगेत उभ्या राहायच्या. साहेब राज्याच्या सभागृहासाठी पहिल्यांदा उभे राहिले, त्याच सभेत चिठ्ठी निघाली: एवढ्या गोळ्या कोण पाठवतंय, आणि तुम्ही काय करणार? साहेबांनी आपल्या खाणकामगार आजोबांची गोष्ट सांगितली. छान सांगितली. आजोबा खाणीतून बाहेर येईपर्यंत दोन मिनिटं झाली. मी वाजले.

ओलेटाबाईंची मुलगी ट्रेसा वृद्धाश्रमात काम करायची. म्हाताऱ्यांना उचलून उचलून तिची पाठ गेली. डॉक्टरांनी त्याच गोळ्या लिहून दिल्या. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. गोळ्या महाग झाल्यावर तिने त्याहून वाईट काहीतरी शोधलं. दोनदा तिचा श्वास थांबला. दोन्ही वेळा याच हॉलमधली रुग्णवाहिका धावली आणि नशेचा अंमल तोडणाऱ्या, नाकात मारायच्या एका फवाऱ्याने तिला परत आणलं. तो फवारा माझ्या टेबलाच्या मागच्या कपाटात ठेवतात. कपाटाचं दार करकरतं, म्हणून मला ते दोन्ही दिवस आठवतात.

मग त्या फवाऱ्याची किंमत वाढली. पुन्हा वाढली. दलाने पैसे जमवायला राजम्याची जेवणं वाढवली, तरी पुरेना. किमतीवर मर्यादा घालणारं विधेयक राज्याच्या सभागृहात आलं, तेव्हा हे साहेब आरोग्य समितीचे अध्यक्ष झाले होते. विधेयक त्यांच्या टेबलावर गेलं आणि तिथेच राहिलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेलं, राहिलं. तिसऱ्या वर्षीही तेच. गेल्या एप्रिलमध्ये खालच्या वळणावरच्या घरून फोन आला. कपाटाचं दार करकरलं आणि आत काही नव्हतं. एकोणीस वर्षांची मुलगी होती.

आता कपाटात एकच फवारा आहे. ट्रेसाची नशा सुटून सात महिने झालेत. सात महिने म्हणजे काय ते या गावाला चांगलं माहीत आहे. सुटलेलं माणूस एकदा जरी घसरलं तर ते पूर्वीपेक्षा लवकर मरतं, कारण शरीराची सवय मोडलेली असते.

यंदाची सभा दुपारी होती. ट्रेसा मागे, भांडी घासायच्या मोरीपाशी उभी होती. डेन्झिलनी शिरस्त्राणात हात घातला आणि चिठ्ठी उघडली. ओलेटाबाईंनी अक्षर लांबूनच ओळखलं. माझ्या दांड्यावरची त्यांची बोटं घट्ट झाली.

डेन्झिलनी वाचलं, "फवाऱ्याच्या किमतीचं विधेयक तीन वेळा तुमच्या समितीत आलं. एकदाही मतदानाला का ठेवलं नाही?"

साहेब उठले. कोटाचं बटण लावलं. "माझा सगळा कारभार उघडा आहे," ते म्हणाले. "कुणीही तपासा. त्या विधेयकाच्या विरोधात मी एकदाही मत दिलेलं नाही."

टाळ्या पडल्या. आणि मित्रांनो, ते खोटं नव्हतं. मतदानच झालं नाही तर विरोधात मत कुठून असणार?

मग आजोबा आले. मग प्रार्थना आली. मग या डोंगरातली कष्टाळू माणसं आली. एक मिनिट पन्नास सेकंदांना साहेबांचा आवाज मऊ झाला, त्यांनी ओलेटाबाईंकडे पाहिलं आणि ओठ हसायला तयार ठेवले. पंचावन्न. साठ.

ओलेटाबाईंनी दुसरा हात माझ्या पोटात घातला आणि माझा लोलक दोन बोटांत धरला.

साहेब आणखी एक वाक्य बोलले. मग अर्धं. मग त्यांच्याजवळचं सगळं संपलं. हॉलमध्ये फक्त शेगडीवरचा राजमा रटरटत होता.

डेन्झिल हळूच म्हणाले, "ओलेटाकाकू, वेळ झाली."

"वेळ झाली, डेन्झिल. उत्तर झालं नाही."

चौदा वर्षांत सभेत त्या पहिल्यांदा बोलल्या. मला त्यांच्या मनगटाची नाडी लागत होती. पोरीची चिठ्ठी, पोरीचा जीव आणि आपणच घातलेला नियम, तिन्ही त्या एका हातात धरून बसल्या होत्या.

साहेब हसले. "बाई, नियम म्हणजे नियम."

"माझ्याच हातचा आहे. दुसरी ओळ वाचा की."

मागून कुणीतरी म्हणालं, "चालू द्या साहेब, राजमा गरम आहे, आम्हाला घाई नाही." थोडे लोक हसले. साहेबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी घड्याळ पाहिलं, दाराकडे पाहिलं. समितीपुढे शेकडो कामं असतात, प्रत्येक गोष्टीला वेळ देता येत नाही, असं काहीतरी ते म्हणाले.

मोरीपाशी पाणी बंद झालं. ट्रेसा हात पुसत पुढे आली. आवाज चढवला नाही तिने.

"साहेब, मी दोनदा मेलेय. याच टेबलामागच्या कपाटाने मला उठवलं. तिसऱ्यांदा कपाट रिकामं असेल, तर तुमच्या त्या शेकडो कामांतलं कुठलं काम मला उठवायला येईल?"

साहेबांनी टोपी उचलली. स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडले. गाडी सुरू झाल्याचं सगळ्यांनी ऐकलं. पुढची चिठ्ठी डेन्झिलनी काढली नाही. लोक जागचे हलले नाहीत, मग एकेक करून जेवायला उठले. मला कुणी वाजवलं नाही.

तेव्हापासून मी या टेबलावर गप्प आहे. मतदानाला नऊ दिवस उरलेत. काल ट्रेसाने मला चिंचेसारख्या आंबट कशाने तरी घासून लख्ख केलं. बरं वाटलं. पण मित्रांनो, माझी निगा राखायची असेल तर नुसतं घासून भागणार नाही. मला वाजवण्याआधी समोरचा माणूस प्रश्नाचं उत्तर देतोय की वेळ काढतोय, ते ऐका. चार वेळा ते कुणी ऐकलं नाही. मीही ऐकलं नाही. मी नेमक्या वेळेला वाजत राहिले आणि त्याचा मला अभिमान होता. त्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या मरणात माझाही वाटा आहे.

साहेब, घंटा झालेली नाही. म्हणजे तुम्ही अजून त्याच प्रश्नावर उभे आहात. तीन वेळा तो कागद तुमच्यासमोर आला. मतदानाला का ठेवला नाहीत? कुणासाठी दाबून ठेवलात?

बोला.