हिरवळीखालचे फवारे शोधणारी सळई

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी सळई आहे. दिसायला मी अगदीच यथातथा आहे, हे मला ठाऊक आहे. पण एका मोठ्या दवाखान्यासमोरच्या हिरवळीवर माझा काय रुबाब होता म्हणून सांगू!

मोडक्या खिडकीच्या गजातून एका वेल्डरने मला घडवले. वर आडवी मूठ जोडली आणि टोक मुद्दाम बोथट ठेवले. त्या हिरवळीत पाणी उडवणारे बत्तीस फवारे होते. दरवर्षी नवी माती पसरली जाई, गवत दाट होई आणि फवारे खाली गाडले जात. मग आमचे माळीकाका मला हळूहळू जमिनीत टोचत. दगड लागला की मूठ झणझणे. फवाऱ्याचे प्लास्टिक लागले की नुसती हलकी टकटक. "सापडला गं!" असे काका ओरडत आणि त्यांची बायको खुरपे घेऊन धावत येई. वीस वर्षांत आम्ही एकही फवारा फोडला नाही, बरं का!

पुढे काकांची बोटे बधिर होऊ लागली. त्यांनी कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. दवाखाना समोरच उभा होता, पण काम सुटेल या धास्तीने ते त्याची पायरी चढले नाहीत. मला मात्र कळले. ते मला उगाचच आवळून धरू लागले होते.

बरेच फवारे गाडलेलेच राहिले आणि या उन्हाळ्यात गवत जागोजागी करपले. दवाखान्याचे साहेब म्हणाले, "काका, दुपारपर्यंत सगळे फवारे मोकळे करा. नाही जमलं तर उद्यापासून फवारे शोधायला यंत्रवाल्याला बोलावतो." काकांचा चेहराच उतरला. त्या हिरवळीवर त्यांचा जीव होता.

सकाळभर ते टोचत राहिले. तीनदा मी फवाऱ्यावरच टेकले होते हो! काकांना पत्ताच नाही. "अगं, जमीनच सरकलीय," ते बायकोला म्हणाले. चौथ्यांदा त्यांनी अंगाचा सगळा भार माझ्यावर टाकला. खाली फवारा कडकन फुटला.

बायको धावत आली. "अहो, हात बघू! केवढं रक्त येतंय!"

माझ्या मुठीच्या गंजक्या कडेने त्यांचा तळवा चिरला होता.

"कुठे?" काकांनी विचारले.

तिने त्यांची बोटे चिमटून पाहिली. "कधीपासून हो?"

"दोन वर्षं झाली. म्हटलं, तुझ्या जिवाला घोर कशाला."

ती मटकन गवतात बसली आणि पदराने त्यांचा हात बांधत हुंदके देऊन रडली. मला तेव्हा मातीत गडप व्हावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी यंत्रवाला आला. मी आता काकांच्या घरी दाराआड उभी असते. काका रोज मला हातात घेतात आणि विचारतात, "गार आहे का गं ही?"

"हो, गार आहे," ती सांगते.

मित्रांनो, राबणारे हात आपणहून तक्रार करत नाहीत. तुमच्या घरातला असा हात मधूनमधून हातात घ्या आणि कसा आहेस, म्हणून विचारा. मला सारे कळत होते, पण बोलता येत नव्हते. तुम्हाला तर बोलता येते.