राज्यपालांची कबुतरी

गळ्याशपथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी उरलीसुरली दाढही पडो!

एक राज्यपाल होते. आधी शाळामास्तर. बंगला एवढा मोठा, की झोपायच्या खोलीतून जेवायला जाता जाता माणसाला वाटेत पुन्हा झोप यावी. दाराशी पहारा, गाडीवर झेंडा. पण अधिकार म्हणाल तर, मंत्री सांगतील तिथे सही.

एकदा मुख्यमंत्र्यांनी विधेयक पाठवलं. कमी पोरांच्या शाळा बंद. ज्या डोंगरावरच्या शाळेत राज्यपालांनी मास्तरकीत जन्म घालवला, तीही त्यात जात होती.

"परत पाठवतो," ते बायकोला म्हणाले.

"पाठवा की. सभागृहानं पुन्हा मंजूर केलं, की मुकाट्यानं सही. माझ्या भोपळ्याच्या भाजीसारखं."

घरातही तोच कायदा होता. ताट एकदा परत पाठवता यायचं. तेच पुन्हा आलं, की गिळायचं.

"मग करू काय?"

"मी माहेरी जाऊ का विचारलं, की तुमच्या आई काय म्हणायच्या? ना हो, ना नाही. नुसतं 'बघू'. निवडणूक तोंडावर आलीय. तुम्हीही बघा."

राज्यपालांनी विधेयक टेबलावर ठेवलं. खिडकी उघडीच होती. एक कबुतरी आली, तिनं विधेयकावर काड्या रचल्या, अंडी घातली आणि बसली ठाण मांडून.

मुख्यमंत्री तणतणत आले. "साहेब, सही!"

"हिला उठवा, लगेच करतो."

त्यांनी हात घातला. कबुतरीनं अशी चोच मारली, की ते बोट तोंडात घालून खुर्चीत बसले.

"एवढे आमदार उचललेत तुम्ही," राज्यपाल म्हणाले, "ही एक उचलवत नाही?"

"अहो, सरकार माझं आहे!"

"घरटं तिचं आहे."

पिल्लं निघाली, त्यांना पंख फुटले, ती उडाली. तोवर निवडणूक होऊन मुख्यमंत्री आपटले होते. नव्या सरकारनं विधेयक मागे घेतलं, वरच्या घाणीसकट. डोंगरावरच्या शाळेची घंटा अजून वाजते. विधेयक मागे घेतलं त्या दिवशी जेवायला भोपळाच होता. राज्यपालांनी पहिल्याच फेरीत संपवला.

आता दाढ वळवळायला लागलीय, म्हणून सांगून टाकते. अंडी न् पिल्लं माझ्या पदरची, गोष्टीत घातलेली. कबुतरी यायची ती दाण्यांसाठी, आणि विधेयकावर दाणे राज्यपालच टाकायचे.